इमारत म्हंजे काय, भाऊ?

हाइट्स, टॉवर, रेसिडेन्सी, एन्क्लेव्ह... फ्लॅट बुक करताना आपण नावाला भुलतो आणि अर्थ विचारायचा राहून जातो. मोठमोठ्या बांधकामांसाठी मराठीत किती शब्द आहेत आणि त्यांच्या पोटात काय काय दडलंय, हे बघायला चला वऱ्हाडात. थेट रिद्धपूरला!

रविवारच्या पेपरातली प्रॉपर्टीची पुरवणी काढा. पहिल्या पानावर एक टॉवर, त्याच्या मागे गुलाबी आकाश, पुढे निळा स्विमिंग पूल आणि पूलच्या काठावर हसणारं कुटुंब. (हे कुटुंब कधीच ऑफिसला का जात नाही, हा वेगळा विषय.) आता नावं वाचा. अमुक हाइट्स. तमुक रेसिडेन्सी. कुठलासा कोर्ट, कुठलासा एन्क्लेव्ह. अख्ख्या पानभर मराठी शब्द शोधलात तर सापडतो एखादाच, आणि तोही शेवटच्या ओळीत, बारीक टायपात.

पण जरा थांबा. बुकिंग झालं, लोन सँक्शन झालं, की रजिस्ट्रेशनच्या दिवशी हातात जो कागदांचा गठ्ठा येतो, त्यात सगळं उलटं असतं. तिथे तुमचा टू-बीएचके गायब आणि 'सदर इमारतीतील तिसऱ्या मजल्यावरील सदनिका' हजर. कुठे 'मिळकत', कुठे 'जमीन व त्यावरील इमला'. वीस वर्षं ईएमआय भरायचाय त्या वस्तूचं नाव तरी नीट कळायला हवं की नाही? बहुतेक जण मान डोलावतात, अंगठा मशिनवर ठेवतात आणि पुढच्या टेबलाकडे सरकतात.

इमारत, इमला, वास्तू, वाडा, गढी, हवेली, महाल, बंगला, माडी, प्रासाद, राऊळ. शाळेत आपण हे समानार्थी शब्द म्हणून पाठ केले. एका मार्कासाठी. पण हे शब्द समानार्थी बिलकूल नाहीत. प्रत्येकाचं गाव वेगळं, खानदान वेगळं. कुणी संस्कृतातून आलंय, कुणी अरबीतून, कुणी सरळ बंगालहून. आणि यातले काही शब्द माणसाला आत घेतात, तर काही बाहेर उभं करतात. हा फरक एकदा लक्षात आला, की ती प्रॉपर्टी पुरवणी पूर्वीसारखी वाचता येत नाही!

रिद्धपूरच का?

अमरावतीहून तासाभरावर, मोर्शी तालुक्यातलं हे गाव. महानुभाव पंथाची काशी. पंथाच्या जुन्या ग्रंथांत याचं नाव ऋद्धिपूर, आणि भाविकांसाठी परमेश्वरपूर. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत होते, चक्रधरस्वामींचे गुरू. पुढे इथेच वाजेश्वरीच्या परिसरात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, साधारण १२७८ च्या सुमारास. मराठी गद्याचा आरंभ म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो ग्रंथ. महदाइसेचे 'धवळे'ही याच मातीतले. आद्य मराठी कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे आपण चॅटवर जी मराठी टाइप करतो, तिचं खापरपणजोबांचं घर इथे आहे म्हणा ना.

मग इमारतींचा संबंध? तर लीळाचरित्र हे आठवणींचं पुस्तक आहे, आणि आठवण म्हटली की 'कुठे?' हा प्रश्न आलाच. स्वामी कुठे उतरले, कुठे बसले, कुठल्या देवळाच्या कुठल्या बाजूला झोपले. चौदाव्या शतकात तर त्यासाठी 'स्थानपोथी' नावाचा स्वतंत्र ग्रंथच झाला. गावोगावची ठिकाणं, देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, ओटा कुठे, चौक कुठे, दारवठा कुठे, सगळं दिशांसकट. त्या काळचं लोकेशन शेअरिंगच! आपल्याच वऱ्हाडचे डॉ. वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र आणि स्थानपोथी दोन्ही संपादित केल्या, म्हणून आज त्या वाचता येतात.

यातली वर्गवारी तर भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकानं बघावी अशी आहे. स्वामी नुसते बसले असतील तर ते 'आसन'. एक रात्र काढली असेल तर 'वसती'. मुक्काम लांबला तर 'अवस्थान'. आणि नैसर्गिक विधीला गेले असतील तर ती जागा 'परिश्रय'. हो, तीही नोंदवलेली आहे, लाजबीज न बाळगता. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅफेतला तास आसन, मित्राच्या रूमवर काढलेली रात्र वसती, आणि अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स म्हणजे अवस्थान. बांधकाम किती मोठं, किती मजली, दगडी की मातीचं, हे या मोजमापात दुय्यम. माणूस तिथे किती राहिला, हे पहिलं.

एका शब्दाचा प्रवास

रिद्धपूरच्या या गोविंदप्रभूंचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव गुंडम राऊळ. आता 'राऊळ' म्हटलं की आपल्याला देऊळ आठवतं. पंढरीचं राऊळ. मग माणसाचं नाव राऊळ कसं?

इथेच तर गंमत आहे. राऊळ म्हणजे मूळचं 'राजकुल'. राजाचं कुळ, राजाचं घर, म्हणजेच राजवाडा. 'देवकुल'चं देऊळ झालं तसं राजकुलचं राऊळ. आधी शब्द राजवाड्याला लागला. मग राजाइतकाच मोठा मालक कोण? देव. म्हणून देवाच्या घरालाही राऊळ. आणि राजघराण्याचा मान द्यायचा म्हणून माणसालाही राऊळ. राजस्थानातली 'रावळ' ही पदवी त्याच घरातली. तुमच्या ऑफिसात एखादा रावल किंवा राऊळ आडनावाचा सहकारी असेल, तर त्याला सांगा, बाबा रे, तू अख्खी इमारत आहेस!

चक्रधरांच्या कथेत तर हा शब्द आणखी मजेशीर होतो. परंपरा सांगते, की हरपाळदेव हा गुजरातेतल्या प्रधानाचा मुलगा. रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून घरातून निघाला, तो वाटेत रिद्धपूरला थांबला आणि तिथे त्याला गुंडम राऊळ भेटले. म्हणजे एक राऊळ सोडून निघालेल्या तरुणाला दुसरं राऊळ भेटलं, आणि या दुसऱ्याला भिंती नव्हत्या. पुढे याच चक्रधरांनी आपल्या अनुयायांना सांगितलं, की एका जागी गुंतू नका, झाडाखाली राहा. घर-ऑफिस-घर करणाऱ्या आपल्याला हे पेलणारं नाही, पण ज्या पंथानं बांधकामांची इतकी बारीक नोंद ठेवली त्याची शिकवण अशी होती, हे विसरायला नको.

आजही रिद्धपुरात गोविंदप्रभूंचं ठिकाण 'राजमठ' म्हणून ओळखलं जातं. राजवाड्यातला राजा आणि साधूचा मठ एकाच शब्दात.

देवळांचे बाकीचे शब्दही असेच इकडून तिकडे गेलेले आहेत. 'मंदिर' म्हणजे संस्कृतात साधं राहतं घर. म्हणून तर शाळेचं विद्यामंदिर होतं आणि नाटकाचं रंगमंदिर. 'प्रासाद' राजाचाही आणि देवाचाही. एवढं पुरे.

इमारत आणि उमर

आता मुख्य पाहुणी. इमारत. लीळाचरित्र लिहिलं जात होतं तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरची स्वारी १२९६ ची. त्यानंतरच्या काही शतकांत दरबाराबरोबर, कारकुनांबरोबर, गवंड्यांबरोबर फारसी-अरबी शब्दांचा लोंढा मराठीत आला. त्यात इमारत आली. अरबी शब्द. त्याचं मूळ शोधलं तर हाती काय लागतं? 'वस्ती करणं, नांदणं, जगणं' अशा अर्थाची धातुरूपं. याच मुळातून आलाय 'उम्र', म्हणजे आपली 'उमर'. वय! म्हणजे इमारत आणि उमर सख्ख्या बहिणी. जिथे माणूस उमर काढतो ती इमारत.

आणि आपला संस्कृत शब्द 'वास्तू'? त्याचं मूळ 'वस्', राहणं. वस्ती, वसाहत, निवास, वास सगळे त्याच घरचे. म्हणजे हजारो मैलांवरच्या दोन वेगळ्या भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच निष्कर्षाला आल्या. सिमेंट, विटा, उंची यातलं काहीही मुळात नाही. राहणारा माणूस तेवढा आहे. तेव्हा बिल्डरनं पझेशन न देता सोडून दिलेल्या, अर्धवट उभ्या, गंजलेल्या सळयांच्या सांगाड्याला इमारत म्हणायचं का, हा प्रश्न डिक्शनरीवाल्यांपेक्षा ईएमआय भरणाऱ्यांनीच सोडवावा.

एक खुलासा, कारण वऱ्हाडात ही गल्लत होण्यासारखी आहे. आपल्याकडे इमादशाही होऊन गेली. १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला, राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. हा 'इमाद' म्हणजे खांब, आधार. राज्याचा खांब तो इमाद-उल-मुल्क. ऐकायला इमारतीचा सख्खा भाऊ वाटतो, पण मूळ वेगळं. इमारतीला खांब लागतोच, एवढंच त्यांचं नातं!

याच अरबी कुटुंबातली आणखी दोन-तीन नाती सांगण्यासारखी आहेत. 'महाल' आणि 'मोहल्ला' एकाच मुळाचे. मूळ अर्थ, प्रवासात सामान उतरवून टेकायची जागा. एक शब्द राजाकडे गेला, दुसरा गल्लीत राहिला. 'मजला' कुठून आला? 'मंझिल'वरून. मंझिल म्हणजेही मुक्कामाचा टप्पा, 'मजल दरमजल करत'मधली मजल तीच. तेव्हा लिफ्टमध्ये सातचं बटण दाबताना तुम्ही खरं तर सातव्या मुक्कामाला निघालेले असता. आणि 'मनोरा'? अरबीत ती उजेडाची जागा. टॉवर म्हटल्यावर डोळ्यांपुढे उंची येते, मनोरा म्हटल्यावर दिवा यायला हवा.

'इमला' मात्र बिचारा फार राबतोय. कागदोपत्री तो जमिनीवरचं बांधकाम, आणि बोलण्यात आपण त्याला हवेत बांधतो. ऑनसाइट, प्रमोशन, स्वतःचं स्टार्टअप... हवेत इमले. बँक कुठल्या इमल्यावर कर्ज देते, ते मात्र ठरलेलं आहे.

छत्री, कटोरा आणि खिडकी

वऱ्हाडी माणूस बांधकामाला नाव देताना फार संस्कृत वगैरे करत बसत नाही. बाळापूरला नदीकाठी सतराव्या शतकातली मिर्झाराजे जयसिंगांनी बांधलेली 'छत्री' आहे. दगडी, खांबांची, कमानींची. अचलपूरजवळ तलावाच्या मधोमध अष्टकोनी इमारत उभी आहे, तिचं नाव 'हौजकटोरा'. एकाला पावसात धरायची वस्तू, दुसऱ्याला स्वयंपाकघरातलं भांडं!

अमरावतीच्या जुन्या गावाभोवतीचा परकोट बघितलाय? त्याच्या मोठ्या दारांना आज गेट म्हणतात. अंबा गेट, जवाहर गेट, खोलापुरी गेट, नागपुरी गेट. आणि छोट्या दारांना? 'खिडकी'. ही खिडकी हवेसाठी नसून माणसांच्या ये-जा करण्यासाठी. मोठा दरवाजा रात्री बंद झाला तरी एकट्यादुकट्याला आत-बाहेर करता येईल असं छोटं दार, ती खिडकी. सरकारी ऑफिसातली 'एक खिडकी योजना' आठवते ना? नाव देणाऱ्याला ठाऊक असो-नसो, जुन्या अर्थानं ते अगदी फिट्ट बसतं. निदान कागदावर.

घरांची नावंही तशीच. सपाट मातीच्या छपराचं घर ते 'धाब्याचं'. 'नियम धाब्यावर बसवले' असं आपण बॉसबद्दल बोलतो, तेव्हा ते नियम ढाब्यावर डाल-तडका खायला गेलेले नसतात. घराच्या छपरावर टाकून दिलेले असतात, कुणी बघू नये म्हणून. उतरत्या छपरावर 'कवेलू'. घरापुढची उघडी, छप्पर घातलेली बसायची जागा ती 'छपरी', काही ठिकाणी 'सपरी'. आल्या-गेल्याला आधी तिथे पाणी मिळतं, मग गप्पा, मग चहा. आता रील्सच्या जमान्यात 'छपरी' ही शिवी झालीय. रंगवलेले केस, स्वस्त गॉगल, मोठ्या आवाजाची बाइक असा पोरगा दिसला, की छपरी. शिवी देणाऱ्या कितीजणांना माहीत असेल, की छप्पर शाकारणं हा ज्यांचा धंदा होता त्या छप्परबंद समाजाचं नाव महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे? या शिवीचा धागा तिथवर जातो, असं म्हणणारे बरेच आहेत. तो जात नाही असं धरून चाललं, तरी गरिबाच्या छपराला हसणं एवढं तरी त्यात उरतंच. ऑफिसच्या ग्रुपवर हा शब्द टाकण्याआधी दोन सेकंद थांबायला काय हरकत आहे?

वाडा: आतला आणि बाहेरचा

आता सगळ्यात अवघड शब्दाकडे येऊ. वाडा.

वाडा म्हटलं की आपल्याला चिरेबंदी काहीतरी दिसतं. सागवानी खांब, चौक, तुळस, झोपाळा. १७३२ मध्ये पूर्ण झालेला आणि १८२८ च्या आगीत जळालेला पुण्याचा शनिवारवाडा. वीकेंडला 'हेरिटेज स्टे'च्या नावाखाली हजारो रुपये मोजून आपण ज्यात राहायला जातो, ते वाडे. वाड्याची आठवण काढली की मराठी माणूस हळवा होतो. हमखास.

पण हा शब्द मुळात इमारतीचा नाहीच. संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण, कुंपण घातलेली जागा. म्हणून तर भाजीपाल्याची 'वाडी' होते. मोकाट गुरं कोंडायची जागा 'कोंडवाडा' होते. आणि म्हणून महारवाडा, मांगवाडा. तोच शब्द, तेच कुंपण. फरक इतकाच, की शनिवारवाड्याचं कुंपण आतल्यांनी स्वतःला जपायला घातलं होतं आणि महारवाड्याचं कुंपण बाहेरच्यांनी घातलं होतं, आतल्यांनी बाहेर येऊ नये म्हणून. दुसऱ्या कुंपणाला दगड लागत नाहीत. नाव पुरतं.

जुन्या महाराष्ट्रात गावाचे दोन भाग सांगायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान् पिढ्यांच्या भिंती पडून, मातीत मिसळून पांढरी झालेली जागा. वऱ्हाडातल्या गढ्या या पांढरीच्या उंचवट्यावर. सगळं गाव असं एका रंगात सांगितलं जायचं. पण त्या पांढरीतही कोण मध्यभागी आणि कोण कडेला, हे वाड्याच्या नावानं पक्कं व्हायचं.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. मग जॉइनिंगच्या दिवशी भरलेला एचआरचा फॉर्म आठवा. 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता'. मुंबई-पुण्याच्या हायफाय ऑफिसात बसलेल्या कुणाच्या तरी आधार कार्डावर, मार्कशीटवर, रेशन कार्डावर वस्तीचं ते नाव छापलेलं असतं. आडनावावरून कळलं नाही, तरी पत्त्यावरून कळतं. पेन त्या रकान्यावर येऊन एक क्षण थांबतं, आणि शेजारी बसलेल्याला वाटतं, पिनकोड आठवतोय. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं गावांतल्या आणि शहरांतल्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन त्याजागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत असं ठरलं. कागदावर एका दिवसात होणारं काम लोकांच्या तोंडी रुळायला किती वर्षं लागतात, हे प्रत्येक गावात वेगळं. पारावर कुणाला विचारा, 'कोठी रायता भाऊ?' आणि उत्तरात कुठलं नाव येतं ते ऐका.

रिद्धपूरकडे परत येण्याचं कारण इथे आहे. गोविंदप्रभूंच्या आठवणींचा जो ग्रंथ आहे, 'रिद्धपूरलीळा', त्यात हा माणूस गावभर भटकतो. ॲन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं. त्यातले गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, हसतात, रुसतात, मागून खातात. लोक त्यांना वेडं म्हणतात आणि देवही म्हणतात. गावात ज्यांना पाणी भरू देत नव्हते अशांसाठी विहिरीची जागा त्यांनी दाखवल्याची लीळाही त्यात आहे. वाडा नावाचं जे कुंपण बाकी सगळे पाळत होते, ते या राऊळाला दिसतच नव्हतं जणू!

आणि सातशे वर्षांनी, १९३० च्या दशकात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं. मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. नाव ठेवलं 'राजगृह'. बुद्धाच्या काळातल्या मगधच्या राजधानीचं नाव ते. पण अर्थ बघा, राजाचं घर. म्हणजे राजकुल. म्हणजे राऊळच की! इमारतीला नाव देणं किती गंभीर काम आहे, हे बाबासाहेबांपेक्षा जास्त कुणाला कळणार होतं?

पुन्हा पुरवणीकडे

आता ती प्रॉपर्टी पुरवणी परत उघडा. 'एन्क्लेव्ह'चं मूळ लॅटिन. त्यात 'किल्ली' आहे, कुलूप लावून बंद केलेली जागा. 'कोर्ट' म्हणजे मूळचं बंदिस्त अंगण. 'अपार्टमेंट'मध्ये तर वेगळं काढणं सरळ दिसतंच. 'गेटेड कम्युनिटी'चा अर्थ सांगायची गरज नाही. म्हणजे वाड्यातून बाहेर पडायला आपण दोन पिढ्या शहरात आलो, आणि चढ्या भावानं पुन्हा वाडाच विकत घेतला. फक्त चौक गेला आणि पोडियम आलं.

भाड्यानं घर शोधताना ब्रोकरनं तुम्हाला आडनाव विचारलंय? 'नॉनव्हेज नाही ना खात?' असं हसत हसत विचारलंय? बॅचलर आहात, एकट्या राहणार आहात, मग 'सोसायटीला चालत नाही' हे ऐकलंय? मग वाडा या शब्दाचा मूळ अर्थ तुम्हाला वेगळा शिकवायला नको. कामवाल्या मावशींसाठी वेगळी लिफ्ट असते काही टॉवर्समध्ये. तीही एक खिडकीच, पण परकोटाच्या खिडकीपेक्षा कमी दर्जाची.

मराठी नाव दिलं म्हणजे हे सगळं सुटतं असं नाही. ब्रोशरवर 'वाडा' लिहून दहा टक्के जास्त घेणारेही आहेत. आणि 'सदनिका'सारखा शब्द? व्याकरणात चोख आहे, छोटं सदन ती सदनिका. पण 'माझी सदनिका घेऊन झाली' असं आईला फोनवर कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. महानुभावांचे नागदेवाचार्य याबाबतीत फार प्रॅक्टिकल होते. शिष्य संस्कृतात लिहायला निघाला, तेव्हा त्यांनी अडवलं. माझ्या पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना मग काय कळणार, असा त्यांचा सवाल होता. रजिस्ट्रेशन ऑफिसातल्या फॉर्मवर कुणीतरी हा सवाल मोठ्या अक्षरांत चिकटवायला हवा.

विद्यापीठाच्या पाट्या

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आलंय. २०२३ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, मग कायदा झाला, आणि २०२४ मध्ये महानुभाव साहित्याचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. अभिजात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच संगमरवरी, घुमटवाली, भव्य अशी काहीतरी इमारत येते. पण लीळाचरित्राची कथा वेगळीच आहे. परंपरेनुसार मूळ पोथी धाडीत गेली, आणि ज्यांना ती पाठ होती त्यांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली. एकदा नाही, वेगवेगळ्या जणांनी, वेगवेगळ्या पाठांनी. तिला सांभाळायला कुठलाही वाडा कामी आला नव्हता.

तरी विद्यापीठ म्हटलं की इमारती लागतात, आणि इमारतींना पाट्या. 'प्रशासकीय भवन' येईल, ते कुठेच चुकत नाही. 'वसतिगृह' येईल. तो शब्द मात्र झकास आहे. स्थानपोथीतली एका रात्रीची वसती आता तीन-चार वर्षांची झाली, पण शब्द त्याच घरचा. ग्रंथालयाला राऊळ म्हणून बघा, कुणाला हसू आलं तर येऊ द्या. आणि एक विनंती. टॉयलेटवर 'प्रसाधनगृह' लिहू नका. प्रसाधन म्हणजे नटणं. सातशे वर्षांपूर्वी ज्या गावच्या मंडळींनी 'परिश्रय' असा स्पष्ट शब्द न लाजता लिहिला, त्यांच्या दारात हे बरं दिसत नाही.

जायचं असेल तर अमरावतीत मुक्काम करा. सकाळी रिद्धपूर, राजमठ आणि गावातली स्थानं. इथे मूर्तींपेक्षा ओट्यांना नमस्कार करणारी माणसं दिसतील, त्यांच्याशी बोला. दुपारून अचलपूरचा हौजकटोरा. दुसऱ्या दिवशी अमरावतीचा परकोट पायी, मग अकोल्यावरून पुढे बाळापूर. मार्च ते जून सहसा टाळा, वऱ्हाडातलं ऊन थट्टेचं नाही. जाणारच असाल तर डोक्यावर छत्री असू द्या. बाळापूरची नव्हे, साधी.